चार इंची गादी

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच, पण ते शेवटी. आधी काम.

आमच्या गादी कारखान्याचा मालक सापडला. परदेशात, तुझ्याच शहरात! आजच्या पेपरात दुसऱ्या पानावर आलंय. आठ वर्षं दाढी वाढवून, नाव बदलून तिकडे मजेत राहत होता. त्याला ज्या कोर्टात उभं करणार आहेत त्याच्या समोरच तुझं लाँड्रीचं दुकान आहे ना? वकिलांचे काळे झगे माझाच मुलगा इस्त्री करतो, असं मावशी भेटेल त्याला सांगत असते, म्हणून विचारते.

प्रत्येक तारखेला आत जाऊन बस. लहानपणी माझा डबा घेऊन कारखान्यात यायचास, त्याला चांगला ओळखतोस. तो कसा दिसतो, कसा बसतो, घाबरलाय का, सगळं मला कळव. फोन नको. फोनवर मी रडते आणि तू नुसता ‘हो ताई, हो ताई’ करतोस. लिहिलेलं मला पुन्हा पुन्हा वाचता येतं.

आग लागली तेव्हा त्या दारामागे नऊ जणी जळून मेल्या. बाकी आठ जणींच्या आया काय ते बोलतील. माझी पोर एकोणीस वर्षांची होती, आणि बाहेरून कुलूप त्याने स्वतःच्या हाताने घातलं होतं. मी त्या दिवशी तापाने घरी पडले होते म्हणून हे पत्र लिहितेय. मला त्याचे हाल पाहायचेत. इथे आणून फासावर चढवलेला पाहायचाय. तोवर माझे डोळे म्हणजे तू.

आता आशीर्वाद.

तुझी ताई

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय चिडू नकोस.

उचलला आणि विमानात बसवला, असं होत नसतं. कोर्टातले एक कारकूनकाका माझ्याकडे झग्यांचे गठ्ठे घेऊन येतात, त्यांनी मला सगळं समजावलं. आपल्या सरकारने मागणी केली, इथल्या न्यायाधीशांनी वॉरंट काढलं, तो पकडला गेला, इथवर झालं. आता खालच्या कोर्टात चार प्रश्न सुटले पाहिजेत. पकडलेला माणूस तोच आहे का? त्याने केलं ते दोन्ही देशांत गुन्हा धरतात का? खटला उभा राहण्याइतका पुरावा कागदांत आहे का? आणि तिकडे पाठवला तर त्याला माणसासारखं वागवतील का? चारही पार पडले की फाइल मंत्र्याकडे. मंत्र्याने सही केली की तो वरच्या कोर्टात अपील करणार, तिथे हरला की सर्वोच्च न्यायालयात. आणि एवढं होऊन तो दोषी आहे की नाही, हे इथे कुणी ठरवणारच नाही. फक्त पाठवायचा की नाही, एवढंच.

जामीन मात्र नाकारला. पुन्हा पळेल म्हणून.

आता तुला हवं ते. पार खचलाय, ताई. न्यायाधीश आल्यावर सगळे उभे राहिले, हा दोनदा धडपडला तेव्हा कुठे उठला. डाव्या हाताने कंबर घट्ट धरून. चेहरा कळवळलेला. मागून एक पोलीस हात द्यायला पुढे आला.

धाकटा

२५ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. कंबरेचं वाचून कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. देवाला निदान पत्ता तरी सापडला म्हणायचा.

तुझा तो चौथा प्रश्न वाचून मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. माणसासारखं वागवतील का? कापसाच्या ढिगाऱ्यात नऊ बायका कोंडून मारणाऱ्याला? तुला आठवतंय का, तो आम्हाला नावाने कधी हाक मारायचा नाही. प्रत्येकीने आपण शिवलेल्या गादीच्या कोपऱ्यात शिवणीत आपल्या नंबराची चिंधी घालायची. माझा बारा, पोरीचा एकेचाळीस. गादी दिसली की त्याचा हात आधी कोपऱ्याकडे जायचा. तो उलटून नंबर बघायचा आणि सगळ्या शेडभर ओरडायचा. लग्नघरी पाहुणा म्हणून गेला तरी बसायच्या आधी गादीचा कोपरा उलटायचा, इतकी ती खोड हाडात भिनलेली.

त्या दिवशी पोर पाणी प्यायला बाहेर गेली होती. ‘एकेचाळीस, पाय फुटलेत काय? आज कुणी बाहेर पडायचं नाही,’ म्हणाला आणि कुलूप घातलं. आगीतून वाचलेल्या दोघींनी ऐकलंय. तिच्यावरून घातलं ते कुलूप. हे मी मावशीलाही सांगितलेलं नाही.

कंबर कशाने धरलीये? रात्री झोप लागते का त्याला? नीट बघून लिही. तू हात राखून लिहितोस.

ताई

२० मे

ती. ताईस, सा. न.

दोन प्रश्न सुटले! पहिल्यात फार वेळ गेला नाही. ‘तो मी नव्हेच’ म्हणून त्याने बराच आव आणला, पण बोटांचे ठसे जुळल्यावर वकिलानेच तो मुद्दा सोडला.

दुसऱ्यावर तीन तारखा गेल्या. त्याचा वकील म्हणाला, दाराला कुलूप लावणं हा इथे कारखान्याच्या नियमांचा भंग आहे, त्याला दंड होतो, माणूस दुसऱ्या देशाच्या हवाली करत नाहीत. न्यायाधीश म्हणाल्या, नियमाला काय नाव दिलंय ते बाजूला ठेवा, काय केलं ते बघा. आत माणसं आहेत हे ठाऊक असून दार बंद केलं आणि ती मेली, तर इथेही तो मनुष्यवधच. कारकूनकाका सांगत होते, म्हणजे मीही ऐकलंच, की त्यावर त्याचा वकील खाली बसला.

आता तिसरा चालू आहे, त्यात पुरावा म्हणून त्या दोघींच्या जबान्या वाचल्या. त्यावर वकील म्हणाला, माझ्या अशिलाकडे शेकडो कामगार होते, एकेचाळीस नंबर वगैरे त्यांना काही आठवत नाही.

त्याच्या कंबरेचं विचारलंस. वाईट आहे. आता काठी लागते. मणक्यातून कळ निघते ती थेट टाचेपर्यंत जाते. पाठीला टेकू नसेल तर दहा मिनिटंही बसवत नाही. दुपारी चार वाजले की त्याच्या डोळ्यांत पाणीच येतं.

धाकटा

८ जून

चि. धाकट्या,

आठवत नाही? आठवत नाही म्हणाला? आठ वर्षं मी फक्त एवढंच विचारत आलेय, की त्याला ती आठवते का. ठीक आहे. आण त्याला इथे. मी आठवण करून देते.

एक चांगली बातमी. आम्ही उरलेल्या बायकांनी काढलेल्या आमच्या गादीघरात काल एक बातमीदार आली होती. मनातलं सगळं बोलून घेतलं. तिला म्हटलं, तो तिकडे सडतोय, माझा भाऊ दर तारखेला डोळ्यांनी बघतो. मणका गेलाय, उठवत नाही. आणि इथल्या तुरुंगाच्या दवाखान्याला गाद्यांच्या खोळी आम्हीच पुरवतो, मला तिथलं आतलं सगळं माहीत आहे. नुसती दगडी फरशी, वर एक घोंगडी. त्या कंबरेने त्या फरशीवर एक हिवाळा काढला की फाशीचा दोरसुद्धा लागायचा नाही!

माझ्या फोटोसकट छापून आलंय. कात्रण सोबत जोडलंय. दुकानात लाव.

ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

ते कात्रण दुकानात लावलं नाही. लावायची गरजच पडली नाही. त्याच्या वकिलाने ते कोर्टात वाचून दाखवलं.

तिसरा प्रश्न सुटला होता, चौथा चालू होता. वकील उठला आणि म्हणाला, मी काही सांगत नाही, मृत मुलीची आईच काय म्हणते ते ऐका. मग ओळ न ओळ वाचली. मणका, फरशी, घोंगडी, हिवाळा. म्हणाला, अशा आजारी माणसाला अशा कोठडीत पाठवणं म्हणजे जीव घेणंच आहे, आणि हे त्या तुरुंगाला माल पुरवणारी बाईच सांगतेय.

न्यायाधीशांनी वैद्यकीय तपासणी करायला सांगितलीय. तुरुंगाची माहितीही मागवलीय. पुढची तारीख पाच आठवड्यांनी. तोवर तू कुणाशी काही बोलू नकोस, तुझ्या पाया पडतो.

धाकटा

३० ऑगस्ट

धाकट्या,

कपाळावर हात मारून बसलेय. माझ्याच तोंडाने त्याला वाचवलं की काय?

पण मी खोटं काय बोलले? फरशी खरी, घोंगडी खरी. मणका तर तूच पाहिलास. डॉक्टरांनी काय सांगितलं? लगेच कळव. तुझ्या मागच्या पत्रात त्याच्या कंबरेबद्दल एक अक्षर नाही, आणि एरवी तू पानभर लिहितोस.

ताई

२३ सप्टेंबर

ती. ताई,

डॉक्टरांना काही सापडलं नाही. मणका ठणठणीत आहे. काठी कधी नव्हतीच. वयाच्या मानाने तब्येत उत्तम, असं लिहून दिलंय.

मी एकदाही आत गेलो नाही, ताई. तारखेच्या दिवशीच तर वकिलांची झुंबड असते, झगा दहा मिनिटांत हवा असतो, दुकान टाकून कसा जाऊ? कोर्टात काय झालं ते कारकूनकाका सांगायचे, ते सगळं खरं आहे. त्याच्या चेहऱ्याबद्दलचं मी रचलं. पहिल्यांदा लिहिलं कारण तू वाट बघत होतीस. मग तू जेवलीस म्हणून कळवलंस. कितीतरी दिवसांनी पोटभर, असं लिहिलं होतंस. मग मी काय करणार होतो?

कंबर माझी होती. दिवसभर इस्त्रीच्या टेबलापाशी उभा असतो. डावीकडून कळ निघते, टाचेपर्यंत जाते, चार वाजता डोळ्यांत पाणी येतं. आपलं दुखणं मी त्याला देऊन टाकलं.

आजार खोटा ठरला, पण तुझं फरशीबद्दलचं बोलणं कोर्टाच्या कागदावर चढलं ते चढलंच. न्यायाधीशांनी आपल्या सरकारकडे लेखी हमी मागितलीय. खिडकी असलेली कोठडी, पलंग, आणि त्यावर किमान चार इंच जाडीची गादी.

काय बोलायचं ते बोल.

धाकटा

५ जानेवारी

ती. ताई, सा. न.

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना तुझं उत्तर नाही. तू जिवंत आहेस एवढं माझ्या आईकडून कळतं, बाकी काही नाही.

खालच्या कोर्टाने हमी स्वीकारली आणि फाइल मंत्र्याकडे धाडली. मंत्र्याने सही केली. दोन अटी आहेत, त्या तुला दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. त्याला फाशी देता येणार नाही, तसं आपल्या सरकारने लिहून दिलंय. आणि ज्या गुन्ह्यासाठी पाठवतायत तेवढ्याच गुन्ह्याचा खटला चालवायचा. दुसरं काही त्याला चिकटवायचं नाही.

तो वरच्या कोर्टात गेलाय. म्हणतो, हमी म्हणजे नुसता कागद आहे. तिथल्या तिघा न्यायमूर्तींनी खुद्द त्या कोठडीचे फोटो मागवलेत, पलंग आणि गादीसकट.

शिव्या दे, पण लिही.

धाकटा

२ मार्च

धाकट्यास,

तुझ्यावर मी पाच महिने राग धरला. तुला वाटलं असेल, आता निवळला. निवळलेला नाही. पण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून लिहितेय.

तुरुंगाची ऑर्डर नेहमी तीस-चाळीस खोळींची असते. परवा एकाच गादीची आली. लांबी, रुंदी, जाडी चार इंच, आणि खाली लिहिलेलं, ‘छायाचित्र परदेशी न्यायालयास सादर करावयाचे आहे.’ वाचून सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, परत पाठवूया. दुसरी म्हणाली, खाजकुयली भरूया. मी म्हटलं, आणा इकडे, ही मी शिवणार.

फाशी नाही, हे वाचलं तेव्हा ताट पुढे सरकवून उठले होते. त्यावर आठवडाभर विचार केला. फासावर गेला तर पाच मिनिटांत सुटला. त्यापेक्षा जगू दे. धडधाकट राहू दे. नऊ वर्षं मी रोज उठतेय तसा त्यालाही रोज उठू दे.

कापूस दोनदा पिंजून घेतला. टाके इतके सारखे घातले की तशी गादी मी माझ्या लग्नातही शिवली नव्हती. दाभण आत ठेवून द्यायचं मनात आलं का? आलं. तुला खोटं सांगणार नाही, ते काम तुझं. खोळीचं तोंड शिवायच्या आधी दाभण दोन वेळा हातात घेऊन बसले. पण एक टोक त्याला टोचलं असतं तर त्याच्या वकिलाने त्यावर आणखी चार वर्षं काढली असती. दाभण मोजून डब्यात ठेवलं, कोपऱ्यात नंबराची चिंधी घातली आणि गादी गाडीत चढवून दिली.

आपल्या पोरीच्या मारेकऱ्याचं अंथरूण मी घातलंय, धाकट्या. त्याला आता इकडे यायला एकही सबब उरता कामा नये.

ताई

१९ जून

ती. ताई, सा. न.

या वेळी दुकानाला कुलूप लावून आत गेलो. सहा वकिलांना चुरगळलेल्या झग्यांत उभं राहावं लागलं, त्यांनी मला काय वाटेल ते ऐकवलं. आता डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच लिहितो.

तो छान आहे. गाल वर आलेत. वकिलाच्या कानाशी लागून हसत होता. ताठ बसला होता, ताठ उठला. मला ओळखलं नाही.

कोठडीचे फोटो न्यायमूर्तींनी हातोहात फिरवले. खिडकी, पलंग, गादी. मधल्या न्यायमूर्ती बाई म्हणाल्या, माझ्या घरी याहून पातळ आहे. सगळे हसले. मला हसू आलं नाही. अपील फेटाळलं. मागाहून सर्वोच्च न्यायालयाने तर प्रकरण ऐकायलाच घेतलं नाही, दाद मागण्याजोगा मुद्दा नाही म्हणाले.

आता अठ्ठावीस दिवसांत त्याला घेऊन जायला हवं. मुदत उलटली तर तो सुटकेचा अर्ज करू शकतो. आपले अधिकारी वेळेवर आले म्हणजे मिळवली. अपील फेटाळल्याचं ऐकल्यावर त्याचं हसणं थांबलं. हे रचलेलं नाही.

धाकटा

९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

या वेळी आशीर्वाद आधी. तुझ्या नावाने एक पार्सल लावलंय. चार इंची आहे, कोपऱ्यात बारा नंबर आहे. तिच्यावर झोप आणि इस्त्रीच्या टेबलाखाली पाट घे, एक पाय त्यावर ठेवायचा, कळ कमी होते. दुखणं तुझं होतं तर मला का सांगितलं नाहीस? मूर्ख कुठला.

सव्विसाव्या दिवशी आणला त्याला. आमच्याकडून खोळी न्यायला तुरुंगातली हवालदारीणबाई येते, ती काल आली होती. म्हणाली, ताई, तुमच्या त्या गादीने वैताग आणलाय.

पहिल्या दिवशी कोठडीत शिरल्या शिरल्या त्याचा हात कोपऱ्याकडे गेला. कोपरा उलटला आणि चिंधी बघितली. मग बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला. नंतर गादीची वळकटी केली आणि दाराबाहेर सरकवली. म्हणाला, दुसरी द्या. बाई म्हणाली, दुसरी देता येत नाही, हिचेच फोटो कोर्टात लागलेत, बदलायची तर दोन सरकारांच्या सह्या लागतील. गादी पुन्हा आत ठेवली. तिच्यावर तो पाठ टेकत नाही, आणि पलंगाच्या नुसत्या लोखंडी पट्ट्या अंगाला रुततात म्हणून तेव्हापासून खाली फरशीवर झोपतो. दर आठवड्याला अधिकारी तपासायला येतात, गादी आहे का, चार इंच आहे का. आहे. हमी तंतोतंत पाळलीय. लिहून घेतात आणि जातात.

मी तिच्यात माझा नंबर घातला नव्हता. एकेचाळीस घातला होता.

आठवते, धाकट्या. तिकडच्या कोर्टात आठवत नाही म्हणाला, पण आठवते. बाई गेल्यावर मी खोळींच्या ढिगावर डोकं ठेवून रडले, आणि मग सगळ्याजणींना चहा केला.

आज खटल्याची पहिली तारीख होती. मी पहिल्या बाकावर बसले. न्यायाधीश आले, सगळे उभे राहिले. तो दोनदा धडपडला तेव्हा कुठे उठला. डाव्या हाताने कंबर घट्ट धरून. चेहरा कळवळलेला. मागून एक पोलीस हात द्यायला पुढे आला. तू लिहिलं होतंस अगदी तस्सं, आणि हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढची तारीख एकवीसची आहे. सरकारी वकील म्हणाले, खटला दोन-तीन वर्षं तरी चालेल. मी म्हटलं, चालू दे. प्रत्येक तारखेला न्यायाधीश येतात, आणि प्रत्येक तारखेला त्याला उठावं लागतं.

तुझी ताई